एकदा भागा, एकदा गुणा: व्होल्ट आणि अँपिअरवरून ओहम अन् वॅट

पाणी तापवायच्या हीटरवर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर '२३० व्होल्ट, २००० वॅट' एवढंच छापलेलं असतं. पण तेवढ्यावरून हीटरमधून किती प्रवाह जाणार, आतल्या तारेचा रोध किती आणि विजेचा दाब (व्होल्टेज) कमी झाला तर पाणी तापायला किती वेळ जास्त लागणार, हे सगळं कागदावर काढता येतं. गणित भागाकार-गुणाकाराच्या पुढे जात नाही. तरी विजेची आकडेमोड करताना भलेभले अडखळतात. सूत्रं अवघड आहेत म्हणून नव्हे. दाब कोणाच्या दोन टोकांमधला, प्रवाह कोणातून जाणारा आणि यातलं न बदलणारं काय, हे ठरवायच्या आधीच आपण सूत्रात आकडे भरायला घेतो.

मुळापासून सुरुवात करू. तारेतल्या एखाद्या ठिकाणाहून दर सेकंदाला जेवढा प्रभार पुढे सरकतो तो प्रवाह. कूलोम हे प्रभाराचं एकक; सेकंदाला एक कूलोम गेला तर एक अँपिअर. दाब म्हणजे एक कूलोम प्रभार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना जेवढी ऊर्जा देऊन जातो ती. एका कूलोममागे एक ज्यूल मिळाला तर त्या दोन टोकांमध्ये एक व्होल्टचा दाब आहे. दाब नेहमी दोन ठिकाणांमधला असतो, प्रवाह एका ठिकाणातून जाणारा. मल्टिमीटरनं दाब मोजताना दोन टोकांना दोन काड्या लावायच्या आणि प्रवाह मोजताना मात्र वायर तोडून मीटर मध्ये घालायचा, तो याचसाठी.

(बहुतेक जण इथं पाण्याच्या नळाची उपमा देतात. ती थोडी पुढे जाते आणि मग दगा देते: नळ कापला तर पाणी भसाभस बाहेर येतं, वायर कापली तर प्रवाह थांबतो. म्हणून इथं ती नको.)

आता दर कूलोममागचे ज्यूल आणि दर सेकंदाचे कूलोम यांचा गुणाकार करा. कूलोम कटतो आणि उरतात दर सेकंदाचे ज्यूल, म्हणजेच वॅट. शक्ती = दाब × प्रवाह. हा निसर्गाचा वेगळा शोधून काढलेला नियम नाही, व्होल्ट आणि अँपिअरच्या व्याख्यांतूनच निघणारा हिशोब आहे. म्हणून तो कुठल्याही वस्तूला लागू पडतो, मग ती तार असो, बॅटरी असो, एलईडी असो की मोटर. त्या क्षणाचा दाब आणि त्याच क्षणाचा प्रवाह माहीत असेल, तर त्या क्षणाला किती ऊर्जा जाते हे या गुणाकारानं कळतंच.

भागाकाराचं तसं नाही. रोध = दाब ÷ प्रवाह. एका अँपिअरसाठी किती व्होल्ट खर्ची पडतात ते यातून कळतं आणि उत्तर ओहममध्ये येतं. भागाकार कशाचाही करता येतो. पण दाब दुप्पट केल्यावरही उत्तर तेच येईल का, हे ती वस्तू कशाची आहे यावर ठरतं. धातूच्या तारेचं तापमान बदललं नाही तर तेच येतं. ओहमचा नियम म्हणतात तो हाच: उत्तर कायम राहणं.

गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने हे १८२५-२६ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवलं आणि १८२७ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. तेव्हाच्या बॅटऱ्यांचा दाब प्रयोग चालू असतानाच घसरायचा. मग त्याने तांबे आणि बिस्मथ यांचे सांधे वापरले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात; दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकामुळे दाब तयार होतो. दोन्ही तापमानं हलत नाहीत, त्यामुळे दाबही हलत नाही. दाब एकदा पक्का झाल्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून प्रवाह कसा बदलतो ते पाहता आलं. म्हणजे 'काय स्थिर आहे' हा प्रश्न त्याने मोजमापाच्या आधीच सोडवला होता. सुरुवातीला त्याच्या कामाचं मायदेशी फारसं स्वागत झालं नाही, पण १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं.

आता हीटरकडे वळू. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण २६.५ ओहम. झालं. त्याच दोन आकड्यांचा भागाकार रोध देतो, गुणाकार शक्ती देतो. दाब, प्रवाह, रोध आणि शक्ती या चारांपैकी कुठलेही दोन आकडे माहीत असले की उरलेले दोन निघतात.

एककांची एक सोय सांगून ठेवतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या छोट्या सर्किटमध्ये प्रवाह मिलिअँपिअरमध्ये असतो आणि रोध किलोओहममध्ये. दोघांचा गुणाकार थेट व्होल्टमध्ये येतो, शून्यं मोजत बसावं लागत नाही. २ मिलिअँपिअर गुणिले ४.७ किलोओहम, ९.४ व्होल्ट. पण अँपिअर आणि किलोओहम अशी सरमिसळ केलीत तर उत्तर हजारपटीनं चुकतं.

हीटरला मिळणारा दाब २३० वरून १८० वर घसरला तर? इथं बरेच जण '२००० वॅटचा हीटर आहे' हे धरून बसतात आणि २००० ला १८० ने भागून प्रवाह वाढला असं सांगतात. पण हीटरची तार काही २००० वॅट घ्यायला बांधलेली नाही. तिच्यात कायम राहतो तो रोध, तो साडेसव्वीस ओहम. हीटरमध्ये वापरतात ती नायक्रोमची तार तापली तरी तिचा रोध थोडाच वाढतो. त्यामुळे प्रवाह १८० ÷ २६.४५, म्हणजे ६.८ अँपिअर. शक्ती १८० × ६.८, म्हणजे सुमारे १२२५ वॅट. दाब जेमतेम २२ टक्क्यांनी घटला आणि शक्ती गेली जवळजवळ ३९ टक्के, कारण दाबासोबत प्रवाहही घटतो आणि शक्ती दोघांचा गुणाकार आहे. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण १८८४ किलोज्यूल लागतात. बाहेर वाया जाणारी उष्णता सोडली तर पूर्ण दाबाला सोळा मिनिटांच्या आत काम होतं, १८० व्होल्टला पावणेसव्वीस मिनिटं लागतात.

मोबाइल किंवा लॅपटॉपच्या चार्जरचं नेमकं उलटं. तिथं आतलं सर्किट बाहेर द्यायची शक्ती कायम राखतं, म्हणून येणारा दाब कमी झाला की ते जास्त प्रवाह ओढतं. हीटरसाठी जे उत्तर चुकलं, ते इथं बरोबर आहे. सूत्र एकच, स्थिर गोष्ट वेगळी.

आता सगळ्यांना छळणारं कोडं. पुस्तकात शक्तीची आणखी दोन रूपं असतात. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध हे एक, आणि दाबाचा वर्ग भागिले रोध हे दुसरं. पहिलं म्हणतं, रोध वाढला की उष्णता वाढते. दुसरं म्हणतं, रोध वाढला की उष्णता कमी होते. मग खरं कोण?

दोन्ही. नवीन काही नाही, मूळ गुणाकारातच एकदा दाबाच्या जागी 'प्रवाह × रोध' घातलंय आणि एकदा प्रवाहाच्या जागी 'दाब ÷ रोध'. कुठलं रूप हाताशी घ्यायचं ते जोडणी ठरवते. वस्तू एकामागोमाग जोडलेल्या असतील, तर सगळ्यांतून प्रवाह तोच जातो. प्रवाह सारखा, म्हणून जिचा रोध जास्त तिथे उष्णता जास्त. वस्तू एकाच दाबावर शेजारी-शेजारी जोडल्या असतील, तर दाब सारखा, म्हणून रोध कमी तिथे वॅट जास्त.

हीटर आणि त्याची वायर ही एकामागोमाग जोडणी. दोघांतून ८.७ अँपिअरच जातात. मग हीटर पाणी उकळतो आणि वायर हाताला साधी कोमट का लागते? दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओहम असतो. दोन मीटर वायर, जाणारी एक आणि येणारी एक धरून चार मीटर तांबं, म्हणजे जेमतेम ०.०५ ओहम. ८.७ चा वर्ग ७५.७, गुणिले ०.०५, चार वॅटही पूर्ण नाहीत. उरलेले जवळजवळ सगळे हीटरच्या साडेसव्वीस ओहममध्ये. दुसरीकडे, १००० वॅटच्या हीटरचा रोध २००० वॅटच्या हीटरपेक्षा जास्त असतो, बरोबर दुप्पट. दोघेही २३० व्होल्टच्या प्लगला आपापले स्वतंत्र लागतात, म्हणून तिथं दुसरं रूप.

हे पुरतं पटवायचं तर पिवळ्या प्रकाशाचे, आत तार असलेले जुने बल्ब घ्या, एक ६० वॅटचा आणि एक १०० चा. नेहमीसारखे लावले तर १०० चा जास्त उजळ. एकामागोमाग जोडले तर? ६० चा जास्त उजळतो. ६० वॅटच्या बल्बचा चालू असतानाचा रोध ८८२ ओहम, १०० चा ५२९. सारख्या प्रवाहात जास्त रोधवाला जास्त ऊर्जा घेतो. पाहणाऱ्याला आधी वाटतं, बल्ब अदलाबदल झालेत.

आता तोच ६० वॅटचा बल्ब काढून मल्टिमीटरवर रोध मोजा. ८८२ ची अपेक्षा ठेवाल आणि आकडा दिसेल साठ-सत्तरच्या घरात. मीटर बिघडलेला नाही आणि गणितही चुकलेलं नाही. बल्बमधली टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध इतका कमी असतो आणि अडीच हजार अंशांच्या आसपास तापली की तो चौदापटीपर्यंत चढतो. भागाकाराचं उत्तर टिकेलच असं नाही म्हटलं, ते हे. याचा परिणाम रोज दिसायचा: असे बल्ब जळत असताना क्वचितच जायचे, जायचे ते बटण दाबताक्षणी. पहिल्या क्षणी तार थंड, रोध कमी, म्हणून प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट. तारेत कुठे पातळ झालेली जागा असेल तर ती तेवढ्यात तुटते.

मीटरनं रोध मोजण्याबद्दल दोन गोष्टी ओघात सांगतो. चालू सर्किटमध्ये रोध कधीच मोजायचा नाही. मीटर स्वतःचा छोटा प्रवाह सोडून रोध काढतो, त्यात बाहेरचा दाब मिसळला की आकडा निरर्थक येतो आणि मीटरही जाऊ शकतो. दुसरं, एका ओहमच्या खालचे रोध साध्या मीटरवर मोजण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या काड्यांचाच रोध काही दशांश ओहम असतो. तिथं भागाकार कामाला येतो. वायरच्या तुकड्यातून ५ अँपिअर सोडा आणि तो चालू असताना तुकड्याच्या दोन टोकांमधला दाब मोजा. ६० मिलिव्होल्ट आला तर रोध ०.०१२ ओहम. प्रवाह नेणाऱ्या वायरी वेगळ्या आणि दाब मोजणाऱ्या काड्या वेगळ्या, त्यामुळे काड्यांचा रोध हिशोबात येतच नाही.

छोटे रोध क्षुल्लक वाटतात, पण आगी लागतात त्या त्यांच्यामुळे. २५ मीटरची, पाऊण चौरस मिलिमीटर तारेची एक्स्टेन्शन घ्या. जाऊन-येऊन ५० मीटर, मीटरला सुमारे ०.०२५ ओहम, एकूण सव्वा ओहम. तिच्यावर आपला हीटर लावला की एकूण रोध २७.७ ओहम आणि प्रवाह ८.३ अँपिअर. वायरवरच १०.४ व्होल्ट खर्ची पडतात आणि ८६ वॅट उष्णता होते. वायर जमिनीवर मोकळी पसरलेली असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते. तीच वायर चक्रीवर गुंडाळलेली असेल तर आतल्या वेढ्यांना उष्णता सोडायला जागाच नाही. वेष्टण मऊ होऊ लागतं आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

त्याहून वाईट म्हणजे सॉकेटमधला सैल स्क्रू. समजा, तिथं ०.३ ओहमचा रोध तयार झाला. प्रवाह ८.७ चा ८.६ होतो, हीटर जवळपास तसाच चालतो. पण ८.६ चा वर्ग गुणिले ०.३, म्हणजे २२ वॅट, स्क्रूएवढ्या जागेत. छोटी सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॅटची असते. सॉकेटच्या आत आपण जवळजवळ तीच ठेवून दिलीये. एमसीबी (घरातल्या विजेचा आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही, कारण ती फक्त जास्त प्रवाहावर लक्ष ठेवते आणि इथं प्रवाह उलट थोडा कमी झालाय. प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देत असतील, किंवा सॉकेटचं प्लॅस्टिक एका भोकाजवळ तपकिरी पडलं असेल, तर हा रोध तिथं आहे असं समजा. ते सॉकेट वापरणं थांबवा आणि मुख्य स्विच बंद करून जाणकाराकडून बदलून घ्या.

वीज लांब न्यायची असते तेव्हा दाब का चढवतात, तेही प्रवाहाच्या याच वर्गामुळे. १० किलोवॅट २३० व्होल्टवर न्यायचे तर ४३.५ अँपिअर लागतात. लाइनचा रोध अर्धा ओहम असला तर वाटेतच सुमारे ९४५ वॅट जातात. दाब दसपट केला की प्रवाह एक दशांश आणि नुकसान एक शतांश, साडेनऊ वॅट.

आता 'कोणाचा दाब' या प्रश्नाकडे. १२ व्होल्टवर एक पांढरा एलईडी लावायचाय. त्याला ३ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर लागतात, तर सोबत किती ओहमचा रेझिस्टर (ठरावीक रोधाचा सुटा भाग)? घाईत १२ ला ०.०२ ने भागलं की ६०० येतात. पण रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट नसतात, ३ एलईडी घेतो, रेझिस्टरच्या वाट्याला ९. म्हणून ४५० ओहम; मिळतो तो ४७० चा घ्या, प्रवाह १९ मिलिअँपिअर होईल. आता त्याच ९ व्होल्टचा आणि १९ मिलिअँपिअरचा गुणाकार: ०.१७ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर टिकेल, पण गरम राहील. मी अर्ध्या वॅटचा लावतो. आणि एलईडीचा 'रोध' ३ भागिले ०.०२, म्हणजे १५० ओहम, असं लिहून ठेवू नका. प्रवाह निम्मा केला तरी एलईडीवरचा दाब जरासाच उतरतो, त्यामुळे भागाकार जवळजवळ दुप्पट येतो. तो आकडा कशालाच उपयोगी नाही.

बॅटरीच्या आतल्या रोधाला भागाकार थोडा वेगळा करावा लागतो, कारण बॅटरी स्वतःच दाब निर्माण करते. तिथं फरकाला फरकाने भागायचं. मोटारीची बॅटरी नुसती १२.६ व्होल्ट दाखवते आणि स्टार्टर १५० अँपिअर ओढत असताना १०.५. दाबातला फरक २.१, प्रवाहातला १५०, आतला रोध ०.०१४ ओहम. बॅटरी जुनी होते तसा हा आकडा वाढत जातो. म्हणून नुसता दाब मोजून बॅटरी ठणठणीत वाटते आणि गाडी मात्र सुरू होत नाही.

शेवटचा अडसर मोटरचा. मोटरवर २३० व्होल्ट आहेत आणि २ अँपिअर जातात, तर गुणाकार ४६० येतो. वॅटमीटर मात्र समजा ३२२ दाखवतो. क्षणाक्षणाचा गुणाकार खोटा पडत नाही, हे इथंही खरंच आहे. पण घरातली वीज सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनं करते आणि मोटरमध्ये प्रवाह दाबाच्या थोडा मागे चालतो. त्यामुळे प्रत्येक आवर्तनात काही काळ ऊर्जा मोटरकडून उलट लाइनीत जाते. २३० आणि २ हे दोन्ही सरासरी काढलेले आकडे आहेत, त्यांना हे उलटं जाणं दिसत नाही. म्हणून ४६० ला व्होल्ट-अँपिअर म्हणतात आणि त्याला पॉवर फॅक्टरने, इथं ०.७ ने, गुणलं की वॅट मिळतात. हीटरचा पॉवर फॅक्टर १ असतो, म्हणून आतापर्यंत त्याची गरज पडली नाही.

भागाकारही इथं फसवतो. २३० भागिले २, ११५. मोटर बंद करून, प्लग काढून गुंडाळीचा रोध मोजला तर निघतो समजा १० ओहम. उरलेली अडवणूक रोधाची नाही. फिरती मोटर स्वतःच आलेल्या दाबाविरुद्ध दाब निर्माण करते आणि गुंडाळीचं चुंबकत्वही प्रवाहाला अडवतं. गुंडाळीत उष्णता होते ती फक्त १० ओहममुळे: २ चा वर्ग गुणिले १०, म्हणजे ४० वॅट. तेवढी बाहेर काढायला मोटरवरचा पंखा पुरतो. आता मोटर अडकली, फिरेना. तिचा विरोधी दाब गेला. प्रवाह पाचपट झाला असं धरा, १० अँपिअर. गुंडाळीतली उष्णता पंचवीसपट, १००० वॅट. आणि पंखाही त्याच दांड्यावर असल्यामुळे तोही थांबलेला. गुंगुं करणारी, न फिरणारी मोटर दिसली की आधी बटण बंद करा.